माल-माणसं भरलेल्या व्हॅनचं खरं वजन किती भरतं?

बोअरवाला_खानापूर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात बोअरच्या मोटारी काढायच्या, दुरुस्त करायच्या आणि परत सोडायच्या, हे माझं काम. छोटी पेट्रोल व्हॅन आहे. मागची सीट काढून लोखंडी रॅक बसवलंय, वर कॅरिअर आहे. आत तिकाटणं (मोटार वर ओढायची तीन पायांची घोडी), चेनपुली, केबल, पाने, मोटार-पंप. कॅरिअरवर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप. सोबत दोन पोरं असतात.

गेल्या मंगळवारी जांबोटीच्या पुढचं एक काम उरकून निघालो. उतारावर ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खाली गेला. पुन्हा दाबला, आणखी खाली. हँडब्रेक आणि दुसरा गिअर यांच्या जोरावर गाडी कशीबशी कडेला घेतली. पुढच्या चाकांपाशी जळका वास येत होता आणि रिमजवळ हात नेला तरी धग लागत होती. अर्धा-पाऊण तास थांबलो, गार झाल्यावर ब्रेक परत लागायला लागला. पोरांना काही बोललो नाही. पण त्या रात्री झोप आली नाही. दोघंही विशीतली आहेत, त्यांच्या आयांनी माझ्या भरवशावर पाठवलंय.

मेकॅनिकनं बघितलं. पॅड ठीक, लाईनर ठीक. ब्रेक ऑइल जुनं होतं ते बदललं. मग त्यानं विचारलं, "ओझं किती घालता?" मी म्हटलं, असेल तीन-चारशे किलो. तो म्हणाला, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बघून तरी तसं वाटत नाही.

आरसीवर अनलॅडन ९४० आणि ग्रॉस १५१० आहे. म्हणजे ५७० किलो घालायला मोकळीक. माझा अंदाज बरोबर असेल तर मी मर्यादेच्या बराच आत आहे. पण अंदाज बरोबर आहे का, हेच मला कळत नाही. तुमच्यापैकी कुणी भरलेल्या गाडीचं वजन करून बघितलंय का? आणि आरसीवरच्या आकड्यांचा नेमका अर्थ काय धरायचा?

निपाणीकर | रविवार, रात्री ९:५२

गाडी वजनकाट्यावर घाला. एका चहा-भज्यांच्या पैशात उत्तर मिळेल.

पासिंगवाला_मामा | रविवार, रात्री १०:२०

काट्यावर घालायचंच, पण आधी आरसी वाचायला शिका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २ मध्ये व्याख्या आहेत. अनलॅडन वेट म्हणजे गाडी आणि कामाला लागणारं तिचं नेहमीचं साहित्य, पण ड्रायव्हर आणि क्लीनर सोडून. नीट वाचा: सोडून. ग्रॉस वेट म्हणजे गाडी अधिक त्यातलं सगळं ओझं मिळून जास्तीत जास्त किती, ते.

म्हणजे तुमच्या ५७० किलोंतून सगळ्यात आधी तुम्ही स्वतः वजा. मग दोन पोरं वजा. तिघांचे दोनशे किलो धरा. राहिले ३७०. आता तुम्ही नंतर बसवलेलं रॅक, कॅरिअर, खाली टाकलेलं प्लायवूड. हे पासिंगच्या वेळी नव्हतं ना? मग तेही ओझ्यातच. शंभराच्या आसपास तेच जाईल. उरले पावणेतीनशे. त्यात तुमची मोटार, पाईप, तिकाटणं बसवून दाखवा.

लोकांची चूक इथंच होते. पाचशे सत्तर म्हणजे पाचशे सत्तर किलो *माल* असं समजतात. आमच्या ऑफिसात दिवसातून एकजण तरी हेच विचारायला येतो, "मामा, एक टनाचं पासिंग आहे, मग एक टन भरतो की." भर बाबा, पण तुझं नव्वद किलो वजन कुठं ठेवणार?

उद्यमबाग_लेथ | रविवार, रात्री १०:४५

मामांच्या शेवटच्या वाक्याला दंडवत 😄

मी फाउंड्रीच्या कास्टिंगवर मशिनिंग करतो. आमच्या धंद्यात डोळ्यांनी वजन धरणारा माणूस हमखास फसतो. बिडाची (ओतीव लोखंडाची) घनता पाण्याच्या सातपट, म्हणजे एक घनफूट बीड दोनशे किलोंच्या आसपास भरतं. तांदळाच्या पोत्यानं हौदा भरल्यासारखा दिसतो, कास्टिंगनं तळ पण झाकत नाही, आणि वजन दोघांचं सारखंच.

पूर्वी आम्ही छोट्या हत्तीतून (टाटा एस टेम्पोतून) माल पाठवायचो. त्याचं वजनाचं बळ पाऊण टन. नवीन पोरगा आला होता, त्यानं बघितलं की हौदा निम्मा रिकामाच आहे, म्हणून पुढच्या ऑर्डरच्या पुल्या पण त्यातच रचल्या. गाडी गेटातून बाहेर पडताना मागचा बंपर उंबऱ्याला घासला, तेव्हा कळलं. उतरवून मोजलं तर दीड टन. ड्रायव्हर आमच्यावर इतका चिडला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. माझ्या दारातून गेलेल्या ओझ्यानं त्याला घाटात अपघात झाला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं?

बोअरवाले, तुमचं बहुतेक सामान लोखंडच आहे. पाईप कितीचे आहेत? सव्वा इंची मीडियम जीआय असेल तर मीटरला तीन किलोच्या वर. वीस फुटी एक लेंथ अठरा-एकोणीस किलो. अशा किती लेंथ वर टाकता?

सळी असेल तर सोपं सूत्र आहे: मिलिमीटरमधला व्यास, त्याचा वर्ग, भागिले १६२. उत्तर येतं ते मीटरला किलो. बारा एमएम सळीला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९. हे मी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय.

बोअरवाला_खानापूर | रविवार, रात्री १०:५८

सव्वा इंचीच आहेत. दहा लेंथ असतात वर.

लिहिता लिहिता गुणाकार केलो. १९०. ते सुद्धा टपावर.

चोर्ला_रोजचा | सोमवार, पहाटे ४:१५

आत्ता गोव्यातल्या साखळी गावात माल उतरवून चहा घेतोय, म्हणून लिहायला सवड आहे.

मी बेळगावहून गोव्याला भाजी नेतो. पिकअप आहे. रात्री मार्केटात भरायची, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा. गोव्याच्या ताटातली भाजी निम्म्याहून जास्त आमच्या बाजूचीच असते असं मला तरी दिसतं, त्यामुळं रात्रभर हा रस्ता भाजीच्या गाड्यांचा.

वजनाचं सांगतो. कोबी आणि फ्लॉवर हौदाभर रचला, वर जाळी बांधली तरी गाडी हलकी चालते. बटाटा अर्धा हौदा झाला की थांबायचं. पन्नास किलोची वीस पोती म्हणजे एक टन झालाच. कोथिंबीर-मेथीला वजन नाही असं वाटतं, पण पाणी मारून आणलेली जुडी उचलून बघा. पावसाळ्यात तर ताडपत्री, दोर, भिजलेले बारदान सगळंच जड होतं. एकदा रिकामी गाडी काट्यावर घातलो तर उन्हाळ्यापेक्षा पंचेचाळीस किलो जास्त आली. चिखल आणि ओलं सामान, दुसरं काही नाही.

आता तुमच्या ब्रेकचं. ज्या गिअरात चढ चढतो, त्याच गिअरात उतरायचं. हे मला माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी सांगितलं. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा माणूस घाट संपायच्या आत ब्रेक संपवतो. गाडी बंद करून किंवा न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे पण बघितलोय, त्यातला एक वळणावर कठड्यात अडकलेला मीच दोर लावून ओढलो. देवानं वाचवलं त्याला.

वजन जास्त असलं की पहिल्या दोन वळणांत कळतं. गाडी तुम्ही वळवाल तेव्हा वळत नाही, जरा उशिरा वळते. तुमच्या टपावर १९० किलो असतील तर भाऊ, तुमची गाडी वळणात बाहेरच्या बाजूला झुकत असणार. झुकते ना?

बोअरवाला_खानापूर | सोमवार, सकाळी ७:०५

झुकते. मला वाटायचं शॉकअप गेलेत. दोनदा बदलले.

बिनधास्त_चिकोडी | सोमवार, सकाळी ८:३०

एवढं घाबरवू नका त्यांना. कंपनी नेहमी हातचं राखून लिहिते. गाडी दीडपट ओढते. आमच्याकडं पिकअपात दोन-दोन टन वाळू सर्रास चालते, काही होत नाही. आणि २०१८ ला सरकारनंच वजनाची मर्यादा वाढवली की.

पासिंगवाला_मामा | सोमवार, सकाळी ९:१०

चिकोडीकर, अर्धी गोष्ट सांगू नका. जुलै २०१८ च्या अधिसूचनेनं एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढली हे खरं. दोन एक्सलचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ वर गेला. पण तो अवजड ट्रकांचा विषय. व्हॅनच्या आरसीवर १५१० लिहिलंय ते १५१०च. त्या अधिसूचनेनं तुमच्या पिकअपचे पाटे जाड झाले नाहीत.

दंड पण सांगून ठेवतो. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४ नुसार जादा मालाला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० आणि जादा माल उतरवून घ्यायचा खर्च तुमचा. वजन करायला नाही म्हटलं तर ४०,०००. माणसं जास्त भरली तर कलम १९४-अ, प्रत्येक जादा माणसामागे २००. जादा माणसं उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी हलवता येत नाही.

बिनधास्त_चिकोडी | सोमवार, सकाळी ९:२५

दंडाचं मान्य. पण गाडी ओढते हे पण खरंच आहे मामा.

चोर्ला_रोजचा | सोमवार, सकाळी ९:४०

ओढायचा प्रश्नच नाही अण्णा. ओढती सगळीच. थांबती का, ते बघायचं.

येळ्ळूरचे_मास्तर | सोमवार, दुपारी १:१५

चोर्ल्याच्या दादांनी एका ओळीत सांगितलं त्याचं गणित मांडतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि हा हिशेब मुलांकडून दरवर्षी करून घेतो.

समजा गाडी सगळं धरून १७०० किलो आहे आणि ती ४०० मीटर उंचीवरून खाली आली. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. १७०० गुणिले ९.८ गुणिले ४००. सुमारे ६६ लाख ६० हजार ज्यूल. ही सगळी ऊर्जा कुठंतरी जायला हवी, कारण खाली पोचल्यावर गाडी थांबलेली असते. इंजिनानं रोखून धरलं नाही तर ती सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते.

आता वीस लिटर पाणी घ्या, साध्या नळाचं. ते चुलीवर ठेवून खळखळ उकळायला लागेपर्यंत जेवढी उष्णता लागते, तेवढीच ही आहे. एक हंडाभर पाणी उकळवायची आग तुम्ही त्या पोळीएवढ्या ब्रेक डिस्कांमध्ये घातलीत. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये ओलावा शिरलेला असतो. तो या उष्णतेनं उकळला की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो. थोडा वेळ थांबल्यावर ती वाफ परत विरते आणि ब्रेक लागतो. तुमच्या गाडीला मंगळवारी नेमकं हेच झालं असावं.

आणि वजन दोनशे किलोंनी वाढलं की हे पाणी पण दोन-अडीच लिटरनं वाढतं. वेग वाढला तर मात्र हिशेब वर्गानं चढतो. वीसच्या जागी चाळीस म्हणजे थांबवायला चौपट काम.

मुलं हे गणित करतात तेव्हा एकदम गप्प होतात. बऱ्याच जणांचे वडील गाडीवर आहेत.

शहापूर_मेसवाली | सोमवार, दुपारी २:५०

मास्तर, हंड्याचं उदाहरण फार आवडलं. आमचं तर रोजचंच हंड्यांशी नातं.

मी लग्नाकार्याचं जेवण करून पोचवते. आमच्याकडं भांड्यांपेक्षा पाणी जड. एक लिटर म्हणजे एक किलो हे लहानपणी शिकलो, पण गाडीत भरताना आठवत नाही. पाचशे लिटरची टाकी भरून ठेवली की अर्धा टन झाला, भाताचं पातेलं अजून चढवायचंय. वीस लिटरचे पंधरा जार म्हणजे तीनशे किलो. शिवाय पाणी डचमळतं. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला कशी ढकलते ते मी शेजारच्या सीटवर बसून अनुभवलंय.

आता आम्ही टाकी रिकामी नेतो आणि कार्यालयात गेल्यावर भरतो. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोंच्या वर, ते चार लागतात, त्यांना पर्याय नाही. पण पाण्याला आहे. भाऊ, तुमच्या पाईपांना काही असा पर्याय निघतो का बघा. शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टर असतोच की.

सौंदत्तीची_वाट | सोमवार, संध्याकाळी ६:२०

माणसांच्या गाडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. माझी क्रूझर जीप आहे. पौष-माघात यल्लम्माच्या यात्रेला कोल्हापूर, कागल, निपाणीकडची भाविक मंडळी घेऊन डोंगरावर जातो.

माल बोलत नाही, माणसं बोलतात. "अहो मामा, एक म्हातारी आहे, पायाशी बसेल." म्हातारीला नाही कसं म्हणायचं? पण एका म्हातारीबरोबर नातू येतो, नातवाबरोबर पिशवी येते. सगळे बसल्यावर टपावर स्टोव्ह, भांडी, तांदूळ-पिठाच्या पिशव्या, परडीचं सामान, अंथरूण.

तीन वर्षांपूर्वी परतीच्या वाटेवर मागचं डावं टायर फुटलं. गाडीत पंधरा जण होते. सरळ रस्ता होता, वेग कमी होता, म्हणून गाडी शेताच्या बांधाला टेकून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. बायका तिथंच आईच्या नावानं उदो उदो म्हणाल्या. मी मात्र खाली बसून राहिलो, पाय थरथरत होते. माझ्या हातून ती पंधरा माणसं गेली असती.

टायरवाल्यानं मला तेव्हा दाखवलं ते सगळ्यांनी आज जाऊन बघा. टायरच्या कडेला मापानंतर एक आकडा असतो, ८५, ८८, ९५ असा. तो लोड इंडेक्स. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००. एका टायरनं हवा पूर्ण असताना एवढंच पेलायचं. हवा कमी असली तर त्याहून कमी.

तेव्हापासून मी सीटांएवढीच माणसं घेतो. पासष्ट किलोचा माणूस आणि पंधरा किलो त्याचं सामान, असे ऐंशी धरतो. बारा जणांचे ९६० होतात. त्यावर म्हातारी बसत नाही. तिच्यासाठी मी दुसऱ्या गाडीवाल्याला फोन करून देतो, पण पायाशी बसवत नाही.

निपाणीकर | सोमवार, संध्याकाळी ६:४५

🙏

अथणी_ऊसवाला | सोमवार, रात्री ८:००

काट्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. तुम्ही सगळे म्हणताय काट्यावर घाला, पण काटाच खरा आहे हे कशावरून? आम्ही ऊसवाले जन्मभर काट्यापुढं हात जोडून उभे. एका हंगामात मी ट्रॉली आधी खाजगी काट्यावर घातली, मग कारखान्यात नेली. दोन क्विंटलांच्या वर फरक. विचारलं तर "तुमचा तो काटा चुकीचा." वर्षभर राबून पिकवलेला ऊस, आणि शेवटचा आकडा दुसऱ्यानं लिहायचा. पोटात तुटतं.

काटेवाला_संकेश्वर | सोमवार, रात्री ९:३०

अथणीकर दादा, तुमचा राग रास्त आहे. मी वीस वर्षं खाजगी काटा चालवतो, म्हणून नीट सांगतो. बोअरवाल्यांना पण उपयोग होईल.

प्लॅटफॉर्मच्या खाली लोडसेल असतात. आत पोलादी ठोकळा, त्याला बारीक तारेची पट्टी चिकटवलेली. ओझ्यानं पोलाद केसभर दबतं, तार ताणली जाते, तिचा विजेला होणारा विरोध बदलतो, तो बदल वर आकड्यात दिसतो. म्हणून प्लॅटफॉर्मच्या फटीत दगड, उसाचं पाचट, चिखल अडकला तर आकडा चुकतो. लबाडी नसतानाही चुकतो. मी रोज सकाळी पहिली गाडी घ्यायच्या आधी झाडून काढतो.

वजन-माप खात्याची पडताळणी दरवर्षी व्हायला लागते, शिक्का आणि प्रमाणपत्र ऑफिसात लावलेलं असतं. गिऱ्हाइकानं ते बघायला मागावं, हक्क आहे. गाडी चढायच्या आधी आकडा शून्य आहे का बघा. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर, इंजिन बंद, धक्का न देता थांबवायची, आकडा स्थिर झाल्यावरच पावती. भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं त्याच काट्यावर त्याच दिवशी. ड्रायव्हर दोन्ही वेळा आत, नाहीतर दोन्ही वेळा बाहेर.

मोठ्या काट्यावर आकडा पाच किंवा दहा किलोच्या टप्प्यानं सरकतो. पंचवीस टनांच्या ट्रॉलीला ते काहीच नाही. छोट्या व्हॅनला पण दहा किलो इकडं-तिकडं चालतील. दोन क्विंटलांचा फरक मात्र टप्प्याचा नव्हे दादा. त्याला पावत्या जपून ठेवा आणि लेखी तक्रार करा.

बोअरवाले, एक काम जास्तीचं करा. आधी फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घेऊन आकडा लिहून घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या चाकांवर किती ते कळेल. जमीन सपाट असली पाहिजे. तुमची अडचण मागच्या चाकांत असणार, माझा अंदाज.

केए२२_तरुण | सोमवार, रात्री १०:१०

थोडं अवांतर. माझं लायसन साधं एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) आहे, ट्रान्सपोर्टचा बॅज नाही. भाड्याची पिकअप चालवू शकतो का? कुणी हो म्हणतं, कुणी नाही.

पासिंगवाला_मामा | सोमवार, रात्री १०:३०

चालवू शकतोस. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिलाय. ग्रॉस वजन ७५०० किलोंपर्यंतची मालवाहू किंवा प्रवासी गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते. त्याच्या वरच्या गाडीला वेगळं लायसन. बघ, इथंही सगळा खेळ वजनाचाच आहे. पण लायसन असलं म्हणून चोर्ल्यात भरलेली गाडी घेऊन एकटा जाऊ नकोस. आधी कुणाच्या तरी शेजारी बसून दहा फेऱ्या मार.

कागलचा_जावई | सोमवार, रात्री १०:५०

मी एमएच ०९, सासुरवाडी केए २३. कोगनोळी नाक्याच्या दोन्ही बाजूंना गाडी घातली आहे, वजन सारखंच भरतं हो 😄 सीमाप्रश्नात निदान एवढं तरी एकमत आहे.

बोअरवाला_खानापूर | बुधवार, रात्री ९:१५

मंडळी, काल काम बंद ठेवून काट्यावर गेलो. काटेवाल्या दादांनी सांगितलं तसंच केलं. ब्रेक गेला त्या मंगळवारी जसं सामान होतं तसंच भरलं, पोरांनाही बसवलं. आकडे जसेच्या तसे देतो.

पूर्ण गाडी: १७४५ किलो. मर्यादा १५१०. म्हणजे २३५ किलो जास्त.

पुढची चाकं ७१०, मागची १०३५.

टायरवर ८५ आकडा आहे. दोन टायरांचे १०३० होतात. मागं १०३५ होते, आणि हवा पण कमी होती. सौंदत्तीच्या मामांचं लिहिलेलं डोळ्यांपुढं आलं आणि मी तिथंच काट्यावर उभा राहिलो. पावती हातात घेऊन थोरला पोरगा म्हणाला, "मालक, एवढं वजन आपण रोज नेतो?" मी म्हटलं, नेत होतो.

घरी येऊन सगळं उतरवलं आणि किराणा दुकानातला तराजू आणून एकेक मोजलं. आम्ही तिघं २०५. रॅक, कॅरिअर आणि खालचं प्लाय ८५. तिकाटणं आणि चेनपुली ८०. मोटार-पंप ५५. केबल ४५. पाईप १९०. हत्यारांच्या पेट्या १२५. टाकीतल्या पेट्रोलचे वीसेक किलो धरले की काट्याचा आकडा बरोबर जुळतो.

या १२५ चं सगळ्यात वाईट वाटलं. पेटीच्या तळाशी सात वर्षांचे गंजलेले बोल्ट, तुटलेले क्लॅम्प, जुने इंपेलर, दोन वापरात नसलेले पाईप-पाने, एक अख्खा जळका मोटारीचा रोटर. कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं. ६० किलो निघालं. ते साठ किलो मी सात वर्षं प्रत्येक चढावर चढवलो आणि प्रत्येक उतारावर ब्रेकला लावून उतरवलो.

ते भंगारात दिलं. पाईप उतरवले. आज सकाळी परत काट्यावर गेलो, तिघं बसून, पाईप सोडून सगळं घेऊन: १४९५.

उद्यमबाग_लेथ | बुधवार, रात्री ९:३०

शाब्बास. पंधरा किलो शिल्लक आहेत, ते पावसाळ्यातल्या चिखलाला राखून ठेवा.

बिनधास्त_चिकोडी | बुधवार, रात्री ९:५५

मान्य. मी पण उद्या पिकअप काट्यावर घालतो. वाळूसकट.

काटेवाला_संकेश्वर | बुधवार, रात्री १०:०५

माझ्याकडंच या चिकोडीकर. चहा माझ्याकडून.

शहापूर_मेसवाली | बुधवार, रात्री १०:१२

आणि पाईपांचं काय करणार आता?

बोअरवाला_खानापूर | बुधवार, रात्री १०:२०

ताई, तुम्ही म्हणालात तसंच. कामाच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याला फोन करतो, तो ट्रॉलीतून पाईप घेऊन जातो. दोघांना विचारलं, दोघंही लगेच हो म्हणाले. अडचण परत आणायची आहे. बोअरमधून काढलेले जुने पाईप वर्कशॉपला आणायचे असतात आणि तेव्हा शेतकऱ्याला शहरात यायचं नसतं. उद्या कणकुंबीजवळच काम आहे, आठ लेंथ निघतील.

चोर्ला_रोजचा | बुधवार, रात्री ११:००

मी सकाळी गोव्याहून रिकामाच परत येतो की. पिकअपात आठ लेंथ म्हणजे काहीच नाही. फाळक्याला लाल फडकं बांधायला ठेवा, पाईप बाहेर येतील. नऊच्या सुमाराला कणकुंबीत पोचतो, स्टँडजवळ थांबा. नंबर निरोपात पाठवलोय.